चैताच्या उंबरठ्यावर : कुमाऊँमधले सात दिवस

पहिला दिवस : काठगोदाम ते मुक्तेश्वर

होळी होऊन आठवडा झाला होता आणि पाडवा अजून आठवडाभर लांब होता, अशा मधल्या दिवसांत आम्ही दोघे उत्तराखंडातल्या कुमाऊँला निघालो. पुण्यात पंखे सुरू झाले होते. हिमालयाच्या कुशीत मार्चमध्ये हवा कशी असते, हे ज्या ज्या परिचितांना विचारले त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नव्हती. एकाने लोकरी कपडे उघडलेच नव्हते, तर दुसऱ्याला बर्फामुळे दोन दिवस खोलीत अडकून पडावे लागले होते. शेवटी स्वेटर आणि सुती सदरे दोन्ही घेतले आणि सोबत खिडकीला टांगण्याजोगे दोन साधे तापमापक घेतले. सामानाची तपासणी करणाऱ्या माणसाने ते हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिले.

काठगोदाम हे या बाजूचे रेल्वेचे शेवटचे स्थानक. १८८४ मध्ये रेल्वे इथवर आली आणि डोंगरापाशी थांबली, ती अजून तिथेच थांबलेली आहे. पहाटे साडेपाचला गाडीतून उतरलो तेव्हा फलाटावर तापमापकाने १५ अंश दाखवले. स्थानकाबाहेर सेमलची, म्हणजे आपल्या काटेसावरीची, झाडे लाल फुलांनी भरून गेली होती आणि आंब्यांना मोहर होता. साडेपाचशे मीटर उंचीवरच्या या पायथ्याच्या पट्ट्यात, ज्याला इथे भाबर म्हणतात, वसंत जवळजवळ संपत आला होता.

वाट भीमताल, भवाली आणि रामगढवरून वर चढते. गाडी चालवणारा तरुण अल्मोड्याकडचा होता. थोरल्या भावाला कुमाऊँनीत ‘दाज्यू’ म्हणतात, तेव्हा त्याने मला दाज्यू म्हणायला सुरुवात केली आणि वयाने लहान असूनही मी त्यालाही तेच म्हणू लागलो. त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. पहिल्या तासाभरात सेमल संपले. मग चीड पाइनचे जंगल लागले आणि रस्त्याच्या कडेला वाळक्या सुयांचा, म्हणजे पिरूलचा, गालिचा दिसू लागला. भवालीच्या पुढे उतारांवर पांढऱ्या फुलांनी झाकलेली रानटी झाडे उभी होती. त्यांना मेहल म्हणतात. रामगढच्या फळबागांत आडू म्हणजे पीच गुलाबी फुलला होता आणि पुलम म्हणजे अलुबुखार पांढरा. मुक्तेश्वरजवळ, सुमारे २,२८५ मीटरांवर पोहोचलो तेव्हा बागेतल्या सफरचंदाच्या फांद्या मात्र काळ्या, उघड्या आणि मिटलेल्या कळ्यांच्या होत्या. एका सकाळच्या प्रवासात आम्ही वसंताच्या शेवटापासून उलटे चालत त्याच्या सुरुवातीपाशी आलो होतो.

ज्या घरी उतरलो त्याचे मालक बागाईतदार. त्यांना सफरचंदाविषयी विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, “सेब आळशी आहे. आडू-पुलम उठून कामाला लागले तरी तो रजई सोडत नाही.” मग त्यांनी गंभीरपणे सांगितले की, झाडाला हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली नाही तर ते फुलते खरे, पण अर्धवट आणि मागेपुढे. जुन्या जातींना सात अंशांखालची थंडी हजार तासांहून अधिक लागते. तेवढी थंडी आता दरवर्षी मिळत नाही, म्हणून त्यांनी खालच्या वाफ्यात कमी थंडीवर भागणाऱ्या नव्या जाती लावल्या आहेत. जुनी झाडे त्यांनी तोडलेली नाहीत, ती वडिलांनी लावलेली आहेत.

संध्याकाळी पाच वाजता तापमापकात १२ अंश होते आणि सात वाजता आठ. इतक्या वेगाने पारा उतरताना मी प्रथमच पाहिला. सूर्य डोंगराआड जातो आणि कुणी दिवा मालवावा तशी ऊब जाते.

दुसरा दिवस : फूल देई

सकाळी सहाला दाराबाहेर मुलांचा गलका ऐकून जाग आली. आज चैताची पहिली तिथी, आणि तिथी हा शब्द खरे तर इथे चुकीचाच आहे. आपला चैत्र चंद्रावर चालतो आणि पाडव्याला सुरू होतो. कुमाऊँ आणि गढवालमध्ये लोकव्यवहारातले महिने संक्रांतीला सुरू होतात, म्हणून सूर्य मीन राशीत गेला की मार्चच्या मध्यावर चैत लागतो. त्या दिवशी मुले पहाटे रानातून फुले वेचून आणतात, घरोघरी जाऊन प्रत्येक उंबरठ्यावर ती वाहतात आणि गातात :

“फूल देई, छम्मा देई,
दैणी द्वार, भर भकार…”

देई म्हणजे उंबरठा आणि भकार म्हणजे धान्याचा मोठा लाकडी पेटारा. उंबरठा फुलांनी भरो, दार भाग्याचे असो आणि पेटारा भरलेला राहो, असा साधा आशीर्वाद मुले मोठ्यांना देतात. नेहमी मोठे लहानांना आशीर्वाद देतात, इथे तो उलट दिशेने वाहतो. बदल्यात मुलांना तांदूळ, गूळ आणि नाणी मिळतात.

मुलांच्या टोपल्यांत काय होते ते मी वाकून पाहिले, कारण या भागातला त्या दिवसापुरता वसंत त्या टोपल्यांत नेमका मोजलेला होता. पिवळी प्योंली सर्वांत जास्त होती. ती कोरड्या, उन्हाच्या कड्यांवर वाढते. थोडे आडू होते, मोहरी होती आणि एकीच्या टोपलीत बुरांशचे, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचे, लालभडक गुच्छ होते. तिला विचारले तर तिने डोंगराच्या सावलीच्या बाजूकडे बोट दाखवले. दक्षिणेकडे तोंड करून असलेल्या उतारावर ऊन पडते, तिथे गहू आणि घरे. उत्तरेकडच्या उतारावर ओल टिकते, तिथे बांज म्हणजे ओक आणि त्यांच्यात बुरांश. दोन्ही उतारांमध्ये जेमतेम पाचशे पावलांचे अंतर असेल, पण पलीकडच्या घळीत अजून मळकट बर्फाची एक पट्टी पडून होती.

घरातल्या आमा, म्हणजे मालकांच्या आई, अंगणात सग्गड घेऊन बसल्या होत्या. सग्गड म्हणजे निखाऱ्यांची लोखंडी शेगडी. आम्ही काफल या रानफळाविषयी विचारले तेव्हा त्यांनी काफल अजून हिरवा असल्याचे सांगितले आणि मग ती गोष्ट सांगितली जी कुमाऊँत प्रत्येकाने ऐकलेली असते. एका गरीब बाईने रानातून टोपलीभर काफल आणले आणि ते राखायला लेकीला बसवून ती कामाला गेली. दुपारच्या उन्हात फळे सुकली आणि आक्रसली. आई परतली तर टोपली उणी. लेकीने खाल्ली असे समजून तिने रागाने मारले, त्यात लेक मेली. संध्याकाळी पाऊस पडला, फळे ओलाव्याने फुगली आणि टोपली पुन्हा काठोकाठ भरली. आईनेही त्या दुःखात प्राण सोडला, आणि दोघी पक्षी झाल्या. म्हणून काफल पिकतात त्या दिवसांत एक पक्षी ओरडतो, ‘काफल पाको, मैं नि चाखो’ : काफल पिकले, मी चाखले नाहीत.

ही गोष्ट मी पूर्वी वाचली होती, तेव्हा ती केवळ करुण वाटली होती. त्या अंगणात बसून ऐकताना लक्षात आले की ती हवेची गोष्ट आहे. दुपारी इतके कोरडे ऊन आणि संध्याकाळी इतका ओलावा एकाच दिवशी अनुभवलेल्या माणसांनाच ती सुचू शकते.

दुपारी मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या आवारातून फिरलो. पुणेकरांना या ठिकाणाविषयी थोडी आपुलकी वाटायला हरकत नाही, कारण या संस्थेची सुरुवात १८८९ मध्ये पुण्यात जीवाणुशास्त्र प्रयोगशाळा म्हणून झाली आणि १८९३ मध्ये ती इथे हलवण्यात आली. गुरांच्या सांसर्गिक रोगांवर काम करायचे तर वस्तीपासून दूर आणि थंड जागा हवी होती. पुण्याच्या उकाड्यातून निघून थंडीसाठी इथे येणारे आम्ही पहिले नव्हतो.

तिसरा दिवस : अल्मोड्याच्या वाटेवर

या दिवसाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. अल्मोडा सुमारे १,६४० मीटरांवर आहे आणि मुक्तेश्वरहून तिथे जाताना कोसी नदीच्या खोऱ्याच्या दिशेने उतरावे लागते, त्यामुळे दुपारी स्वेटर काढावे लागले. बाजारात बाल मिठाई घेतली आणि कटारमलच्या सूर्यमंदिरापाशी तासभर बसलो.

तिथे दाज्यूने आकाशाकडे बोट दाखवले. पश्चिमेला उंचावर पांढरे, विस्कटलेल्या कापसासारखे तंतू पसरले होते आणि सूर्याभोवती फिकट कडे पडले होते. “परवा नाही, उद्याच,” तो म्हणाला. ही पश्चिमी विक्षोभाची आगाऊ वर्दी होती. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार होणाऱ्या या प्रणाली उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांसोबत इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला येऊन धडकतात. उत्तराखंडात हिवाळ्यातला बहुतेक पाऊस आणि बर्फ त्यांचाच. मार्चमध्येही त्या येत राहतात, मात्र तोवर जमीन तापलेली असते आणि त्यामुळे शांत पावसाऐवजी गडगडाट आणि गारा येतात. पुढे सरकणाऱ्या प्रणालीच्या आघाडीला हे उंच बर्फकणांचे ढग असतात, आणि सूर्याभोवतीचे कडे त्या कणांतून प्रकाश वळल्यामुळे दिसते. दाज्यूला यातला भूमध्य समुद्र ठाऊक नव्हता, पण वेळ त्याने माझ्यापेक्षा अचूक सांगितली.

चौथा दिवस : बिनसर, गारा

बिनसरचे जंगल १९८८ पासून अभयारण्य आहे. आत शिरताच रस्त्याचा आवाज थांबतो. बांजांच्या शेवाळलेल्या खोडांमध्ये बुरांश इतका फुलला होता की काही ठिकाणी वाट पाकळ्यांनी लाल झाली होती. उत्तराखंडाचा हा राज्यवृक्ष साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये फुलतो. खालच्या उंचीवर त्याचा रंग गडद लाल असतो आणि जसजसे वर जावे तसतसा तो गुलाबी होत जातो. अलीकडच्या काही वर्षांत तो जानेवारीतच फुलल्याच्या बातम्या आल्या आहेत. विश्रामगृहाच्या स्वयंपाक्याने आम्हाला त्याचे सरबत दिले. ते आंबट, किंचित तुरट आणि आपल्या कोकमाच्या जवळपास जाणारे होते. माझ्या पत्नीला ते कोकमापेक्षा आवडले. मला नाही.

सकाळी एक निरीक्षण केले, ते मला या प्रवासातले सर्वांत समाधान देणारे वाटते. विश्रामगृहाच्या चुलीचा धूर सात वाजता दरीकडे खाली घरंगळत होता. नऊच्या सुमारास तो क्षणभर सरळ वर गेला, आणि अकराला तो उलटा, डोंगरमाथ्याकडे झुकला. रात्री उतारांलगतची हवा थंड आणि जड होऊन दरीत ओघळते. उन्हाने उतार तापले की तीच हवा वर चढू लागते आणि आपल्यासोबत दरीतला ओलावा शिखरांपर्यंत नेते. म्हणून वसंतात इथे हिमशिखरे पाहायची ती आठच्या आत. दहापर्यंत त्यांच्यावर ढगाच्या टोप्या चढतात आणि दुपारी तिथे शिखरे होती यावर विश्वास बसत नाही. उशिरा उठणाऱ्या पर्यटकांना “आज दर्शन नाही” असे जे सांगितले जाते, त्यात निम्मा दोष पर्यटकांच्या झोपेचा असतो.

आज मात्र सकाळीही शिखरे दिसली नाहीत. दोन वाजता तापमापकात १५ अंश होते. अडीचला वारा एकाएकी थांबला आणि जंगलातले पक्षी गप्प झाले. पावणेतीनला पत्र्यावर पहिला खडा पडला तेव्हा मला माकडाने काही फेकले असे वाटले. पुढच्या वीस मिनिटांत बोलणे ऐकू येईनासे झाले. गारा हरभऱ्याएवढ्या होत्या, काही सुपारीएवढ्या. सव्वातीनला तापमापकात पाच अंश होते : सव्वा तासात दहा अंशांची उतरण. अंगण पांढरे झाले आणि त्या पांढऱ्यावर बुरांशच्या फाटलेल्या पाकळ्या पडल्या. दृश्य सुंदर होते, हे लिहिताना संकोच वाटतो, कारण स्वयंपाकी दारात उभा राहून फक्त एवढेच म्हणाला, “पुलम गेले.”

मैदानातही गारा पडतात, पण ढगातून जमिनीपर्यंतच्या लांब, उबदार प्रवासात त्यांतल्या कितीतरी वितळून पावसाचे थेंब होतात. इथे आपण ढगाच्या तळाशी जवळजवळ उभे असतो, तेव्हा गारांना वितळायला वेळच मिळत नाही. शिवाय गार पडते नेमकी त्याच आठवड्यांत, जेव्हा झाडावर फुले किंवा मोहरीएवढी फळे असतात.

रात्री निफाडहून मामेभावाचा फोन आला. त्यांच्याकडेही त्याच दिवशी गारपीट झाली होती आणि काढणीला आलेल्या द्राक्षांचे घड फुटले होते. सुमारे बाराशे किलोमीटरांवरच्या त्या दोन गारपिटींचे आपापसात नाते कितपत होते ते ठरवणे माझ्या आवाक्यातले नाही. तो मला हिमालयातली हवा विचारत होता आणि मी त्याला बागेची, आणि दोघांनाही एकमेकांना काय सांगावे ते सुचत नव्हते.

पाचवा दिवस : कौसानी

विक्षोभ गेला की मागून वायव्येचा थंड, कोरडा वारा येतो आणि हवा धुऊन निघते, हे पुस्तकात वाचले होते. पहाटे पाचला बिनसरच्या झिरो पॉइंटकडे निघालो तेव्हा घोटाभर गारा अजून गवतात होत्या आणि त्या गोठून एकमेकींना चिकटल्यामुळे पायाखाली कुरकुरत होत्या. तापमान दोन अंश. उजाडले तेव्हा उत्तरेचे सगळे क्षितिज उघडे होते : डावीकडे चौखंबा, मग त्रिशूल, मध्ये ७,८१६ मीटर उंचीची नंदादेवी, आणि उजवीकडे दूर पंचचुली. मधल्या डोंगररांगांवर कालपर्यंत जे बर्फ नव्हते ते आज होते, आणि त्याची खालची कड जणू फूटपट्टीने आखावी तशी सर्व डोंगरांवर एकाच उंचीवर होती. त्या रेषेच्या वर काल बर्फ पडला होता आणि खाली पाऊस.

कौसानीला दुपारी पोहोचलो. १९२९ मध्ये गांधीजी इथे काही दिवस राहिले होते आणि गीतेवरच्या त्यांच्या ‘अनासक्तियोग’चे काम त्यांनी इथे केले. ते घर आता आश्रम आहे. तिथल्या ओट्यावर बसून त्रिशूलाकडे पाहत असताना एका वृद्ध कार्यकर्त्याने सांगितले की, मे महिन्यात येणाऱ्यांना इथून बरेचदा नुसता भुरा पडदा दिसतो. मैदानातली धूळ वर येते आणि त्यात चीडच्या जंगलांतल्या वणव्यांचा धूर मिसळतो. सरकारी हिशेबाने वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असतो, म्हणजे फुलांचा सगळा हंगाम त्यातच येतो. कालचा पाऊस बागाईतदारांना बुडवून गेला, पण वनरक्षकांना त्याने आठवडाभर झोप दिली असणार. पिरूल भिजला की आग धरत नाही.

सहावा दिवस : दोन तापमापक

या दिवशी आम्ही मुद्दाम वेगळे झालो. पत्नी एक तापमापक आणि लोकरीचे विणकाम घेऊन कौसानीच्या व्हरांड्यात राहिली आणि मी दुसरा घेऊन खाली बैजनाथला गेलो. कौसानी सुमारे १,८९० मीटरांवर, बैजनाथ सुमारे १,१३० मीटरांवर. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटते, तेव्हा हिशेबाने दोन्हींत पाच अंशांचा फरक यायला हवा होता. दुपारी दोन वाजता, दोघांनीही सावलीत पाहून, तिने १८ नोंदवले आणि मी २४. एक अंश जास्त आला. दरीचा सपाट तळ उन्हात डोंगराच्या कण्यापेक्षा अधिक तापतो हे त्याचे कारण असावे, किंवा मग आमचे तापमापक स्वस्तातले होते हे.

बैजनाथची कत्यूरी राजांच्या काळातली देवळे गोमतीच्या काठाशी आहेत. नदीत दोन दिवसांपूर्वीच्या पावसाचा गढूळपणा होता. शेतांत गहू ओंब्यांवर आला होता, आडू फुले टाकून पानांवर गेला होता, आणि बोराएवढी हिरवी फळे त्याला धरली होती. तिथल्या एका शेतकऱ्याने, मी विचारण्याच्या आधीच, एक कोडे सोडवले. इतक्या सुपीक दरीत गावे खाली नसून उतारांच्या मध्यावर का, असे मी मनात म्हणत होतो. तो म्हणाला, दिवसा खाली ऊब असते, पण हिवाळ्याच्या रात्री पाला, म्हणजे गोठलेले दंव, आधी इथे पडतो. ओघळून आलेली थंड हवा तळाशी साचते आणि वरच्या घरांना ती ओलांडून जाते. बिनसरच्या चुलीचा धूर मला पुन्हा आठवला. जे मी धुरावरून ओळखले म्हणून स्वतःवर खूश होतो, त्यावर इथल्या पूर्वजांनी घरे बांधली होती.

सातवा दिवस : परत काठगोदाम

उतरताना सगळे उलट क्रमाने घडले. मेहल, आडू, चीड, आणि शेवटी सेमल. त्याची बरीच फुले आता रस्त्यावर पडली होती आणि मोटारींखाली चिरडून त्यांचा चिखल झाला होता. काठगोदामला दुपारी तीन वाजता २९ अंश होते. स्वेटर पिशवीत गेले.

स्थानकावर गाडीची वाट पाहत असताना मुक्तेश्वरच्या बागाईतदारांना फोन केला, कारण गारपिटीनंतर त्यांच्याशी बोलणे झाले नव्हते आणि फोन करायला मी थोडा कचरत होतो. आडू निम्मा झडला, पुलम त्याहून जास्त, असे त्यांनी सांगितले. खालच्या वाफ्यातली नवी सफरचंदे फुलायला लागली होती, त्यांनाही मार बसला. मग मी वरच्या जुन्या झाडांचे विचारले.

“त्यांना काय होणार?” ते म्हणाले. “ते आळशी अजून झोपलेलेच आहेत.”

मागे आमा काहीतरी बोलल्या आणि ते हसले. त्यांना फोन देऊ का, असे त्यांनी विचारले तेवढ्यात आमची गाडी फलाटाला लागली.